सखारामला कळेल असं पुस्तक

गणिताचं नवं पुस्तक हातात आलं की शेट्ये मास्तर आधी ढ व्हायचे. रिकाम्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे, टोपी काढून मांडीवर ठेवायचे, चेहरा पाडायचे आणि ओळीखालून बोट सरकवत पहिल्या पानापासून वाचायला लागायचे. मास्तर मुंबईहून गणितात बी. ए. झालेले, पण त्या बाकावर बसले की त्यांना साधं वर्गमूळ काढता येत नसे. मग कुठल्या तरी ओळीवर बोट थांबायचं. मास्तर मान वर करून मला हाक मारायचे.

"गांगल, सखाराम इथं अडला."

तिथून पुढचं पान ते उलटत नसत. पुस्तक मिटायचे, टोपी घालायचे आणि म्हणायचे, "संपलं."

आमची संस्था म्हणजे काय, तर रत्नागिरीत जन्मून मुंबईत पैसा मिळवलेल्या एका सद्गृहस्थांनी मांडवीच्या रस्त्याला बांधून दिलेल्या चार खोल्या. मॅट्रिक झालेल्या मुलांना इथंच वर्षभर इंजिनिअरिंगचे प्राथमिक धडे द्यायचे, म्हणजे पुढे पुण्यामुंबईच्या कॉलेजात ती आपटणार नाहीत, अशी त्यांची कल्पना. वर्ग जूनमध्ये उघडायचा होता. मी ड्रॉइंगचा शिक्षक. माझं पुस्तक मी एका दुपारी ठरवून मोकळा झालो. गणिताचं पुस्तक ठरवायचं काम मास्तरांकडे गेलं आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंत ते जागचं हललं नाही.

सखाराम हे नाव मास्तरांनी असंच घेतलं असावं, असं मी धरून चाललो होतो. आपण नाही का गंपू म्हणतो, बंड्या म्हणतो, तसं. पण मास्तरांना त्याची इतकी बारीक माहिती असे की कधी कधी मी चकित होत असे.

पहिलं पुस्तक विलायतेचं, जाडजूड, सोनेरी अक्षरांचं. त्यातली उदाहरणं बर्फावरून घसरणाऱ्या गाडीची आणि एकमेकींना ओलांडणाऱ्या आगगाड्यांची. मास्तर म्हणाले, "रत्नागिरीच्या सखारामनं अजून आगगाडी पाह्यलेली नाही. बर्फ तर नाहीच. तो आधी गाडी कशी असेल याचा विचार करत बसणार, तोवर मास्तर फळा पुसणार. संपलं."

दुसरं पुस्तक पातळ होतं. नुसती सूत्रं, कारण कुठंच नाही. "हे पुस्तक नाही, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी आहे," मास्तर म्हणाले. "दिवसातून तीन वेळा घ्या. का घ्या, ते डॉक्टरला विचारू नका. सखाराम विचारल्याशिवाय घेणार नाही."

तिसरं पुस्तक मला आवडलं होतं. छपाई स्वच्छ, आकृत्या तर अशा की ड्रॉइंगवाल्यानं नमस्कार करावा. मास्तर त्यात बरेच आत गेले. मला आशा वाटू लागली. मग बोट थांबलं.

"बघा हो गांगल. डीएक्स म्हणजे अगदी लहान, पण शून्य नव्हे, असं म्हणतो. बरं. पुढच्याच ओळीत त्याला शून्य म्हणून टाकून देतो. सखाराम विचारणार, आहे तर टाकलात का, नि नाही तर आणलात कशाला? यावर हा मनुष्य काय म्हणतो, तर 'सहज दिसून येईल की'."

'सहज' या शब्दावर मास्तरांचा फार राग. तो रागही पुस्तकापुरता नव्हता. रविवारी त्यांच्या घरी गेलो आणि "सहज आलो होतो" म्हटलं, तर ते दार अडवून उभे राहिले. "सहज कुणी कुठं येत नाही, गांगल. काय काम होतं ते सांगा." मला खरोखरच काही काम नव्हतं. शेवटी पेन्सिली मागून घेतल्या तेव्हा त्यांनी आत घेतलं.

पुस्तकं मुंबईहून आगबोटीनं येत आणि बोटीनंच परत जात. पुस्तकवाल्यानं शेवटी कळवलं की यापुढं पाहायला म्हणून पुस्तकं मिळणार नाहीत. टेबलावर चौथं एक तेवढं राहिलं होतं. तेही मास्तरांनी टाकाऊ ठरवलं होतं. आता नव्या पुस्तकाचीही आशा नव्हती. मास्तर खिडकीशी उभे राहून म्हणत, "पोरं बुडणार हो. आपण सगळे काठावर बसून बघणार."

चैत्र सरता सरता आमचे मुख्य दाबकेसाहेब यांनी बैठक बोलावली. साहेब पेन्शनर इंजिनिअर, जन्मभर पूल बांधलेले. त्यांना उशीर सोसत नसे.

"शेट्ये, हा सखाराम कोण?" त्यांनी विचारलं. "गांगलांकडून ऐकतो आहे. त्याचा प्रवेशाचा अर्ज आलाय का?"

"नाही."

"मग घेऊच नका त्याला. एका मठ्ठ पोरापायी बाकीच्यांनी का थांबायचं? मठ्ठ तो मठ्ठच. त्याला पुस्तक काय करणार?"

मला हसू येत होतं. मास्तरांकडे पाहिलं आणि ते जिरलं. मास्तर सावकाश उठले, टोपी घातली.

"मठ्ठ नव्हता हो तो," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. मास्तर घरात नव्हते. वहिनी घरापुढच्या खळ्यात फणसाची साठं उन्हातून काढून ठेवत होत्या. मी बैठकीत झालेलं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"सखाराम म्हणजे आमचे धाकटे दीर," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक नाही?"

मला कसं ठाऊक असणार? मास्तर कधी बोलले नव्हते. मग वहिनींनीच सांगितलं. सासरे लवकर गेले. धाकट्या भावाला मास्तरांनीच वाढवलं आणि इंजिनिअर करायचं म्हणून पुण्याला धाडलं. जाताना त्याच्या ट्रंकेत आपलं बक्षिसाचं गणिताचं पुस्तक स्वतःच्या हातानं ठेवलं. त्या पुस्तकासारखं पुस्तक जगात नाही, असं मास्तरांचं मत होतं. पोरगं पहिल्या वर्षी गणितात नापास झालं. दुसऱ्या वर्षीही झालं.

"सुट्टीला आला होता तेव्हा पुस्तक घेऊन ह्यांच्यापुढं बसला," वहिनी म्हणाल्या. "दोनदा विचारलान, दादा, हे कसं आलं? हे म्हणाले, सहज दिसतंय, त्यात काय विचारायचं?"

"मग?"

"मग काय. तिसऱ्यांदा विचारलान नाही."

सखाराम पुण्याहून परस्पर मुंबईला गेला. आता आगबोटीवर मालाचा कारकून होता. बोट रत्नागिरीला लागायची तेव्हा तोही तिच्यावर असायचा. पण बोट उभी राहते दूर खोल पाण्यात, माणसं छोट्या शिडाच्या पडावातून जातात येतात, आणि अर्ध्या तासात ती सुटते. उतरणार कधी आणि परत चढणार कधी, असं तो म्हणतो म्हणे. वर्षानुवर्षं तो असा दारापर्यंत येऊन परत जात होता.

"बोटीचा भोंगा ऐकला की हे समुद्राकडची खिडकी लावून घेतात," वहिनी म्हणाल्या आणि साठं घेऊन आत गेल्या.

मी एक आगाऊपणा केला. दुसऱ्या दिवशी मास्तरांना म्हटलं, "सखारामला कळेल असंच पुस्तक हवंय ना? मग त्यालाच दाखवू या."

मास्तर रागावतील असं वाटलं होतं. पण पावसाळ्याआधीची शेवटची बोट यायची होती त्या दिवशी ते कोट घालून माझ्या दारात उभे राहिले. काखेत ते टाकाऊ ठरवलेलं चौथं पुस्तक, फडक्यात गुंडाळलेलं.

वारा सुटला होता. पडाव वरखाली होत होता. मास्तर पुस्तक पोटाशी धरून बसले होते. "तो ओळखणारसुद्धा नाही, गांगल," ते म्हणाले. "ओळखलंच तर बोलणार नाही. संपलंय ते." थोड्या वेळानं म्हणाले, "आपण परत जाऊ या." पण पडावात आंब्याच्या पेट्या होत्या, माणसं होती. आमच्यासाठी तो कोण वळवणार?

वर चढलो तर सखाराम समोरच उभा. चाळिशीचा, स्थूल, खाकी कोट, कानामागे पेन्सिल. चढणाऱ्या पेट्या मोजत होता. मास्तरांना पाहिलं आणि त्याचं मोजणं तोंडातच राहिलं.

"दादा," तो म्हणाला. "वहिनी बरी आहे ना?"

"बरी आहे. सगळी बरी आहेत."

"मग?"

वाटभर मास्तरांनी काही जुळवलं असेल तर ते सगळं विसरले. त्यांनी घाईघाईनं फडकं सोडलं आणि पुस्तक पुढं केलं. "हे बघ जरा. मुलांना लावायचंय. तुला कळतं का, सांग."

दुसरा कुणी असता तर हसला असता, नाहीतर चिडला असता. सखारामनं हात कोटाला पुसले, पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं आणि एका पेटीवर बसला. मास्तर त्याच्यासमोर उभे राहिले. परीक्षेला बसलेल्या पोराचं तोंड होतं त्यांचं. हमाल ओरडत होते, एक बकरी मास्तरांचा कोट हुंगत होती. कुणीतरी "अहो कारकून, पेट्या" म्हणून हाक मारली. सखारामनं हातानंच थांबवलं.

बऱ्याच वेळानं त्यानं पुस्तक मिटलं.

"चांगलं आहे, दादा. त्या वेळी मला हे असतं तर मी पास झालो असतो."

"नीट बघितलंस? डीएक्सचं पान?"

"बघितलं. कळलं."

भोंगा झाला. सखाराम वाकून पाया पडला. मास्तर नुसतेच "अरे, ओलं आहे, ओलं आहे खाली" म्हणत राहिले. मग म्हणाले, "पावसाळ्यात बोटी बंद. तू मुंबईतच असतोस?"

"होय."

"घाटावरून मोटारीनं येता येतं."

"बघतो," सखाराम म्हणाला.

आम्ही पडावात उतरलो. बोट वळली, लहान होत गेली. मला हलकं वाटत होतं. म्हटलं, "चला, एकदाचं ठरलं. उद्याच दाबकेसाहेबांना सांगू."

"त्यानं पान उलटलंच नाही," मास्तर म्हणाले.

"म्हणजे?"

"पुस्तक उघडं धरून बसला होता. नजर सगळा वेळ माझ्या पायांकडे. म्हातारा झालो का, ते बघत असेल."

मी म्हटलं, "तसं असेल तर अजून दिवस आहेत. दुसरं कुठलं तरी विकतच मागवू..."

"नको. हेच लावा."

"पण मास्तर, तुम्हीच हे टाकाऊ ठरवलंत."

"टाकाऊच आहे. पोरांचे हाल होणार आहेत. मी बसेन त्यांच्याजवळ, विचारतील तितक्यांदा सांगेन." मास्तरांनी पुस्तकाला पुन्हा फडकं गुंडाळलं आणि नीट गाठ मारली. "पण तो चांगलं म्हणाला ना, गांगल. आता पुन्हा त्याला काय सांगू, तुझं चुकलं म्हणून?"