सदोबाचं सुटं गवत

एका जंगलात, बाळांनो, राजा टिकत नसे. कैरी टिके, मध टिके, राजा तेवढा टिकत नसे.

सिंह गादीवर बसला की कोल्ह्यांची एक टोळी कुणाला न सांगता शेजारच्या आमराईत हवापालटाला जाई. तिथं खाण्यापिण्याची सोय झकास असे. परत आल्यावर कोल्हे गंभीर चेहऱ्यानं सांगत, "आमचा अंतरात्मा जागा झाला आहे." मग सिंह उतरे आणि लांडगा चढे. थोड्या दिवसांनी तरसांचा अंतरात्मा जागा होई. लांडगा उतरे. नव्या राजाचं पहिलं काम ठरलेलं असे, ते म्हणजे पाणवठ्याचं नाव बदलायचं. पाणी तेच राही, आणि तेवढंच गढूळ.

या पाणवठ्यावर एक बाभूळ होती. तिच्यावर सुगरण पक्षी घरटी टांगत. आता तुम्हाला वाटेल, घरटं सुगरणबाई विणतात. तसं नाही. विणतो नर आणि नाव होतं बायकोचं. हा अन्याय फार जुना आहे, पण आज आपल्याला दुसरी गोष्ट सांगायची आहे.

या पक्ष्यांची रीत अशी. नर आधी अर्धंच घरटं विणतो, टांगलेल्या टोपीसारखं. मग मादी बघायला येते. ती पाती ओढून बघते, आत बसून झोका घेऊन बघते, नाक मुरडते आणि बहुधा निघून जाते. पसंत पडलं तर "हं" म्हणते. एवढा एक "हं" मिळाला की नर उरलेलं अर्धं घरटं विणायला घेतो. गवत हिरवं आहे तोवर काम आटोपावं लागतं. गवत वाळलं की हंगाम संपला, आणि लग्नही.

बाभळीवर सदोबा नावाचा एक सुगरण पक्षी होता. कारागीर म्हणाल तर पहिल्या प्रतीचा. त्याच्या विणीत बोट घालायला जागा नसे. यंदा त्याचं अर्धं घरटं मंजुळानं पाहिलं. मंजुळा सगळ्या बाभळीवर चोखंदळ म्हणून ओळखली जाई. तिनं पाती ओढली, झोका घेतला, परत पाती ओढली आणि म्हणाली, "हं."

सदोबाला इतका आनंद झाला की तो फांदीवरून पडता पडता राहिला. मंजुळा त्याला मनापासून आवडत होती. आता फक्त उरलेलं अर्धं विणायचं होतं.

पण सदोबाला एक खोड होती. तो बातम्या ऐके.

बातम्या सांगायला बाभळीच्या शेंड्यावर राघू नावाचा पोपट बसे. तो सकाळपासून ओरडे, "आत्ताची मोठी बातमी! लांडगा जाणार?" थोड्या वेळानं ओरडे, "आत्ताची मोठी बातमी! लांडगा जाणार नाही?" दोन्ही बातम्या सदोबा कान टवकारून ऐके. चोचीतलं पातं चोचीतच राही.

त्यातच लांब शेपटीवाल्यांचं आणि आखूड शेपटीवाल्यांचं बिनसलं. जन्मभर एका पाणवठ्यावर पाणी प्यायलेले बुलबुल आणि लावे एकमेकांना विचारू लागले, "तुम्ही मूळचे कुठले?" मग गवताचा भाव चढला. काल एका अळीच्या बदल्यात चोचभर पाती मिळत, आज एखादंच. खाली पाणवठ्याकाठी गवत कमरेइतकं माजलं होतं, ते कुणीही तोडून आणावं. पण राघू म्हणाला तुटवडा आहे, म्हणजे तुटवडा होता.

सदोबा घाबरून घुबडशास्त्र्यांकडे गेला. शास्त्रीबुवा जंगलाचे अर्थतज्ज्ञ. दिवसा त्यांना समोरचं दिसत नसे, म्हणून ते पुढचं बघत.

"शास्त्रीबुवा, घरटं पुरं करू का?"

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. ते आधीही मिटलेलेच होते. "काळ अस्थिर आहे. अशा वेळी घरट्यात गुंतू नये. घरटं म्हणजे एका फांदीला अडकलेलं गवत. उद्या फांदी गेली की गवतही गेलं. सुटं गवत जवळ असावं. ते कुठंही नेता येतं."

"म्हणजे विणलेलं आहे त्याचं काय करू?"

"उसव," शास्त्रीबुवा म्हणाले आणि पुन्हा झोपले.

सदोबा परत आला. आपल्या घरट्याकडे त्यानं बराच वेळ पाहिलं. मग एक गाठ सोडली. पहिली गाठ सोडताना त्याला वाईट वाटलं. दुसरी सोडताना आपण फार दूरदर्शी आहोत असं वाटू लागलं. दुपारपर्यंत फांदी मोकळी झाली आणि खोडातल्या ढोलीत पात्यांचा छान ढीग लागला.

संध्याकाळी मंजुळा आली.

"घरटं कुठंय?"

"सुरक्षित आहे," सदोबा म्हणाला आणि त्यानं ढोली दाखवली.

"हे तर गवत आहे."

"हेच घरटं. फक्त सुटं केलंय."

मंजुळानं ढोलीत डोकावून पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "अंडी काय सुट्या गवतात घालू?"

"अगं, स्थिर राजा येऊ दे. आला की लगेच विणतो. तोवर जरा कळ काढ."

"मी काढीन रे कळ. अंडी काढत नाहीत."

तरी ती थांबली. खोटं कशाला सांगू, तिलाही सदोबा आवडत होता. रोज येऊन ती मोकळ्या फांदीवर बसे. सदोबा तिला ताज्या बातम्या सांगे. लांडगा गेला, तरस आला. तरसाला रानडुकरांचा पाठिंबा आहे, पण तो बाहेरून आहे. मंजुळा ऐकून घेई आणि खाली हिरव्या गवताकडे बघत राही.

शेजारच्या फांदीवर बाबल्या राहत असे. बाबल्याची वीण ढिली, घरटं एका अंगाला झुकलेलं. अनेक माद्यांनी त्याला नाक मुरडलं होतं. त्याला सध्याच्या राजाचं नावही ठाऊक नव्हतं. एकदा त्यानं तरसाला "सिंहमहाराज की जय" असा मुजरा केला. तरस इतका खूश झाला, की त्यानं बाबल्याला मानद मोर करून टाकलं. बाबल्यानं मान डोलावली आणि तो पुन्हा विणायला बसला.

एके दिवशी मंजुळा बाबल्याच्या घरट्यात शिरली. पाती ओढली. एक निघून चोचीत आलं. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हं."

सदोबा ओरडला, "मंजुळे, तिथं नको! ती फांदी हलते!"

"सगळ्याच हलतात, सदोबा. हलतात म्हणून तर आपण टांगून विणतो."

सदोबानं शेंड्याकडे पाहिलं. राघूनं याबद्दल काही सांगितलं नव्हतं.

दिवस गेले. राजे गेले. एकदा सोसाट्याचा वारा सुटला, तेव्हा बाबल्याचं घरटं गरगरा फिरलं. सदोबा डोळे मिटून बसला. ते पडावं असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली. वारा थांबल्यावर त्यानं पाहिलं, घरटं जागेवर होतं. बाबल्या एक सैल पातं आत खोचत होता आणि मंजुळा त्याला ओरडत होती.

आणि मग, बाळांनो, एका सकाळी नवल घडलं. जंगलातल्या सगळ्याच प्राण्यांना मंत्री करण्यात आलं. त्यामुळे राज्य पाडायला कुणी उरलंच नाही. राघू शेंड्यावरून किंचाळला, "आत्ताची मोठी बातमी! जंगलात स्थैर्य!"

सदोबा ढोलीकडे धावला. पातं उचललं, फांदीला गुंडाळलं, गाठ मारायला गेला. पातं कट्‌कन मोडलं. दुसरं घेतलं, तेही मोडलं. त्यानं ढीग उपसला. सगळं गवत पिवळं, वाळलेलं, बोटाएवढे तुकडे. त्यानं खाली पाहिलं. पाणवठ्याकाठचं गवतही कधीच वाळून गेलं होतं. इतके दिवस तो वर राघूकडे बघत होता, खाली बघायचं राहूनच गेलं होतं.

तेवढ्यात बाबल्याच्या घरट्यातून एक पिल्लू बाहेर पडलं. मग दुसरं, मग तिसरं. वेडीवाकडी उडत ती समोरच्या झुडपावर जाऊन आदळली. मंजुळा "अरे, सांभाळून!" म्हणत त्यांच्यामागे धावली. जाता जाता सदोबाच्या फांदीवर ती क्षणभर टेकली.

"झालं ना रे सगळं स्थिर?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारलं.

"झालं," सदोबा म्हणाला.

ती गेली. सदोबाला रडू आलं आणि त्यानं ते येऊ दिलं.

तेवढ्यात राघू खाली उतरला. स्थैर्याचा लाभ झालेल्या सामान्य पक्ष्याची प्रतिक्रिया त्याला हवी होती. "बोला सदोबा, कसं वाटतंय?"

सदोबानं डोळे पुसले, मोकळ्या फांदीवर ताठ बसला आणि म्हणाला, "फार सुरक्षित वाटतंय. आता कितीही मोठं वादळ येऊ दे, माझं काही पडणार नाही."

राघूनं हे दिवसभर ऐकवलं. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या.

तात्पर्य : घर बांधण्यापूर्वी राज्य स्थिर आहे ना, याची नीट खात्री करून घ्यावी. ज्यांनी ती करून घेतली नाही त्यांना पिल्लं झाली, आणि पिल्लांची काळजी जन्मभर पुरते.