रूपरावजींनी कॅमेऱ्याचे दात पाहिले

रूपरावजींची चूक एकच. सकाळी चहा पिता पिता ते "पाहून देतो" म्हणाले.

आता हे शब्द त्यांनी आयुष्यात शंभरदा तरी म्हटले असतील. देवळीकडच्या चार गावांत बैल घ्यायचा तर आधी रूपरावजींना दाखवायचा, अशी रीतच होती. दात पाहायचे, खूर पाहायचे, वशिंडावर थाप मारायची, नाकासमोर दुपट्टा झटकून बुजतो का ते पाहायचं. त्यांनी पास केलेला बैल कधी वावरात बसला नाही. पण ट्रॅक्टर आले, आणि तीन वर्षांत कोणी त्यांना एक शेपूटसुद्धा दाखवलं नव्हतं. त्यामुळे मुलानं, कैलासनं, नुसतं विचारलं तरी म्हातारा बाजेवर ताठ झाला.

दाखवायचा होता तो मात्र कॅमेरा. नात मोहिनीला फोटो काढायचं काम सुरू करायचं होतं. नाचणगावच्या एका बारशाचं बोलावणंही आलं होतं. देवळीच्या फोटोवाल्या धनंजयनं आपला वापरलेला कॅमेरा दोन दिवस पाहायला दिला होता. त्यातला एक दिवस गेला होता.

"बाबानं पास केला तं घेऊ," कैलास म्हणाला, "नाई केला तं वापस."

मोहिनीचा घास तोंडातच राहिला.

रूपरावजींनी कॅमेरा तळहातावर घेऊन दोनदा वरखाली केला. मग वांगे तोलायच्या काट्यावर ठेवला.

"अर्धा किलो अन् वर दोन वांगे. याच्यात काई अंगच नाई व माय!"

"हलका हाये म्हनून तं चांगला, आबाजी. जुन्या कॅमेऱ्यात आरसा राहे, म्हनून ते जड. याच्यात आरसाच नाई."

"कोनं काढला?"

"कोनंच नाई काढला. बिना आरशाचाच जन्मला तो."

"जन्मताच नाई?" रूपरावजींनी मान हलवली. जन्माची खोट असली की ते एरवी विचारच करत नसत. पण नातीचं तोंड पाहून त्यांनी निकाल राखून ठेवला. "मले एकट्याले पाहू दे. पारख गर्दीत होत नाई."

मोहिनी कपडे वाळत घालायला अंगणामागे गेली, तीही तीन वेळा मागे वळून पाहत.

रूपरावजी कामाला लागले. खूर नव्हते. शेपटीच्या जागी पट्टा होता, तो मजबूत निघाला. दुपट्टा झटकला, कॅमेरा बुजला नाही. (चांगलं लक्षण.) राहिले दात. त्यासाठी जबडा उघडायला हवा. त्यांनी पुढचं नळकांडं धरलं, बाजूचं एक बटण दाबलं आणि हळूच पिळलं. (हळूच म्हणजे बैलाच्या हिशेबानं हळूच.) खट् झालं आणि मुंडकं हातात आलं.

एका हातात मुंडकं, दुसऱ्या हातात धड. इतक्या वर्षांत असं कोणत्याही जनावरानं केलं नव्हतं. त्यांनी ते बसवून पाहिलं, उलटं करून पाहिलं, "हो राजा, हो" म्हणून चुचकारून पाहिलं. बसेना. तेवढ्यात बायको, भागीरथाबाई, बाहेर आल्या. रूपरावजींनी दुपट्टा टाकून सगळं झाकलं.

"काय लपवलं जी?"

"काई नाई."

"जिलबी हाये! डाक्टरनं साखर सांगतली, अन् तुमी दुपट्ट्याखाली खाऊन राह्यले?"

"नाई व, देवाशपथ!"

"तोंड उघडा."

जन्मभर बैलांचे जबडे उघडणाऱ्या माणसानं मुकाट्यानं जबडा उघडला. भागीरथाबाईंनी इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. जिलबी नव्हती. मग त्यांनी दुपट्टाच ओढला.

"मोहिनी व! धाव! आबाजीनं तुह्या कॅमेऱ्याची मान मोडली!"

मोहिनी ओल्या हातांनी धावत आली. रूपरावजींचे डोळे भरून आले होते.

"बाई, माह्या हातून गेला. धनंजयले मीच सांगतो."

मोहिनीनं ओढणीला हात पुसले, मुंडकं धडाला लावलं, फिरवलं. खट्.

"आबाजी, हे निघतेच. दूरचं पाहाचं असलं का दुसरं लावा लागते."

"मान बदलता येते?" रूपरावजी खाली बसले. "एवढी सोय बैलालेबी नाई."

दुपारी निकाल ऐकायला कैलास आला, आणि त्याच्यासोबत शेजारचे दौलतरावही आले.

"आखरी परीक्षा नजरेची," रूपरावजींनी जाहीर केलं. "याले काई वळखू येते का?"

"येते ना!" मोहिनी म्हणाली. "जनावराचा डोळा बरोबर वळखते. तशी सेटिंग हाये. ते लावलं का मग मानसाकडं पाहातच नाई."

तिनं कॅमेरा अंगणात बांधलेल्या बैलाकडे धरला. मागच्या पडद्यावर एक लहानसा चौकोन बैलाच्या डोळ्यावर जाऊन बसला. बकरीवर बसला. कोंबडी पळाली, तर चौकोन तिच्यामागे पळाला. दौलतराव केस चापूनचोपून समोर उभे राहिले. चौकोन नाही.

"पाह्यलं? मानूस हाये मी!" दौलतराव म्हणाले.

कैलास उभा राहिला. नाही. भागीरथाबाई. नाही.

रूपरावजी एकदम खूश. "थांब, मलेबी पाहू दे." त्यांनी डोक्याला दुपट्टा बांधला, पांढऱ्या मिशांवरून हात फिरवला आणि बैलाच्या शेजारी उभे राहिले. चौकोन बैलाच्या डोळ्यावर होता. तो हलला. जरा घुटमळला. आणि रूपरावजींच्या डोळ्यावर येऊन घट्ट बसला.

भागीरथाबाई तोंडाला पदर लावून खालीच बसल्या. "पन्नास वर्सं झाले मी सांगून राह्यली, तं कोनाले पटत नव्हतं!"

"बोला बाबा," कैलासला हसू आवरेना. "नजर बरोबर हाये का नाई? पास का नापास?"

मोहिनी एकटी हसत नव्हती. नजर चुकली म्हणावं, तर कॅमेरा गेला. बरोबर म्हणावं, तर दौलतराव ते अख्ख्या गावाला सांगणार.

रूपरावजींनी चौकोनाकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. घाई त्यांनी कशातच केली नव्हती, इथेही केली नाही.

"नजर एकदम बरोबर हाये," ते म्हणाले. "घेऊन टाका."

मोहिनीनं बैलासकट त्यांचा फोटो काढला आणि त्यांना अशी मिठी मारली की दुपट्टा सुटला. कैलासनं तिथूनच धनंजयला फोन लावला.

"हो, घेतो. बाबानं पास केला... मानसाचे फोटो कसे येते? मानसाचा अजून काढून नाई पाह्यला भाऊ. पन बैलाचा अन् बाबाचा मस्त आला!"