पलीकडच्या घरातलं चित्र

किसनतात्यांशी बोलायचं असेल तर आधी मान वर करावी लागायची. फॅक्टरीतून आले, चहा प्याले, की तात्या पत्र्यावर. तिथं टीव्हीचा अँटिना, त्याला तारेनं बांधलेलं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, ताट, आणि त्या दोघांशी तात्यांचं बोलणं चाललेलं. "वळ रं जरा परभणीकडं. एक सूत. हां... लय वळलास, माघारी ये." बैलाशीसुद्धा माणूस इतक्या समजुतीनं बोलत नाही.

मी तेव्हा मानवतला शाळेत शिकवत होते आणि तात्यांच्याच घरातली पुढची खोली भाड्यानं घेऊन राहत होते. तात्या जिनिंग फॅक्टरीत फिटर. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गल्लीतला एकुलता एक टीव्ही त्यांचा. "हवेत समदं हाय बाई," ते मला ऐकवायचे, "फकस्त खाली उतरवून घ्यावं लागतंय." चित्र परभणीकडून निघायचं खरं, पण आमच्यापर्यंत येता येता त्याचा जीव जायचा. पडद्यावर माणसं कमी, मुंग्या जास्त.

रविवारी संध्याकाळी सिनेमा असे. तात्यांची लगबग दुपारपासून. दारात सडा, आत गोणपाटं, माठ भरून पाणी. सगळी गल्ली लोटायची. आणि गंमत अशी, की तात्या सिनेमा बघतच नसत. टीव्हीकडे पाठ करून, लोकांची तोंडं बघत बसायचे. लोक हसले की हेही हसायचे. कशाला हसले, ते कधी विचारलं नाही.

समोरच्या घरात गयाकाकू राहायच्या. तात्यांच्या धाकट्या भावाच्या विधवा, मुलगी नांदेडला दिलेली, घरात एकट्या. थोरल्या दिरासमोर बसायचं नाही आणि बोलायचं नाही, ही रीत त्यांनी तीस वर्षांत एकदाही मोडली नव्हती. सिनेमासुद्धा स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्यानं बघायच्या, डोक्यावर पदर घेऊन, तीन-तीन तास. माझं डोकं फिरायचं. एकदा म्हटलं, "काकू, बसा की हो." तर म्हणाल्या, "थोरले हायेत की म्होरं."

या काकू हौदापाशी घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. डॉक्टरांनी बजावलं, अंथरुणातून हलायचं नाही. त्या रविवारी तात्यांचं लक्ष सारखं दाराआडच्या रिकाम्या जागेकडे. लोक गेल्यावर म्हणाले, "बाई, तिच्या घरात चित्र न्यायचं."

"मग हाच टीव्ही नेऊन ठेवा."

"हे खोकं नेलं तर माणसंबी तिकडंच जातील की!" तात्या बोलून गेले, आणि मग ओशाळून गोणपाटं झटकत बसले.

झालं, उद्योग सुरू! मोंढ्यातल्या एका शेटजीच्या माळ्यावर पडलेला बंद टीव्ही तात्यांनी मागून आणला आणि महिनाभर खपून चालू केला. पण काकूंचं घर बुटकं, मागं धान्याचं उंच गोदाम. तिथल्या पत्र्यावर अँटिना लावून बघितला, काही म्हणता काही पकडेना. "मंग आपल्या पत्र्यावरनं वायर टाकू," तात्या म्हणाले. "चित्राची वाटणी." वायर परभणीलाच मिळणार, आणि विद्यापीठाच्या नामांतरावरून नेमक्या त्या दिवशी एसट्या बंद. दुसरा कोणी थांबला असता. तात्या सायकलीवर गेले आणि दुसऱ्या दिवशी चपट्या वायरचं भेंडोळं गळ्यात घालून हजर! मांड्या भरून आलेल्या, पण हूं नाही की चूं नाही.

टीव्ही कवटाळून तात्या काकूंच्या घरात शिरले. त्यांना बघताच काकू पदर ओढत घाईनं उठायला गेल्या, आणि अशी किंकाळी फुटली की तात्या टीव्हीसकट उलट्या पावली बाहेर. त्यानंतर त्यांनी त्या घरात पाऊल टाकलं नाही. टीव्ही मी आणि फॅक्टरीतल्या एका हमालानं आत मांडला. तात्या गल्लीतून ओरडून सांगत होते, आम्ही करत होतो.

मग दर रविवारी सिनेमाआधी चाचणी. तात्या स्वतःच्या पत्र्यावर, मी काकूंच्या ओट्यावर, काकू आत बाजेवर.

"बाई, दिसायलंय का?" वरून तात्या.

"काकू, दिसायलंय का?" आत तोंड करून मी.

"दिसायलंय म्हणावं. लय झ्याक," काकू पुटपुटायच्या.

"झ्याक आहे हो!" मी बोंबलायची. आठवडाभर पोरांवर ओरडून बसलेला घसा, त्याचं हे असं चांगभलं.

"बघा! मी सोडत न्हाई!" म्हणत तात्या खाली उतरायचे. असे तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी तात्यांकडची गर्दी नको वाटली म्हणून मी काकूंकडे बघायला गेले. पडद्यावर नुसत्या मुंग्या! औषधालासुद्धा माणूस नाही.

"काकू, हे कधीपासून?"

"पयल्यापासनं."

"आणि तुम्ही झ्याक म्हणत होता?"

"थोरले हायेत, बाई. सायकलीवर गेले माझ्यापायी. अन् म्या म्हणू, दिसत न्हाई?" मग माझीच समजूत घालत म्हणाल्या, "आवाज येतो की. कोण रडायलंय ते कळतंय. सांगू नका त्यांला, आण हाय तुमाला."

मी आण घेतली आणि सकाळी मोडली. असल्या गोष्टी माझ्या पोटात राहत नाहीत. तात्यांच्या हातातली चहाची बशी तशीच राहिली.

"तीन रविवार?" त्यांनी विचारलं.

"तीन."

आठवडाभर तात्या पत्र्यावरून हलले नाहीत. बूस्टर आणून लावला, खांब उंचावला, आणखी एक ताट बांधलं. मी आता आत जाऊन स्वतः बघायची आणि खरं सांगायची. इकडे जरा सुधारलं की तिकडे मुंग्या, तिकडे सुधारलं की इकडे. शनिवारी तात्या खाली आले आणि म्हणाले, "चित्र येकाच घराला पुरतंय." बस्स, एवढंच.

रविवारी दारात सडा नव्हता. लोक आले तर तात्या उंबऱ्यात उभे. "आज तिकडं. समदे तिकडं जा. हिकडं काय दिसत न्हाई." मी वर बघितलं. स्वतःच्या टीव्हीची वायर त्यांनी सोडून टाकली होती. अख्खी वायर गल्ली ओलांडून काकूंकडे गेलेली.

आणि चित्र असं लख्ख, की नटीच्या कानातली कुडीसुद्धा दिसावी! काकूंचं घर भरून गेलं. बायका बाजेला टेकून बसल्या, काकूंच्या तोंडावरून हसू हलेना. पण तात्या कुठे?

मी परत आले. दिवासुद्धा लावला नव्हता. गोणपाटांची घडी करून तात्या तिच्यावर बसले होते.

"चला की, तात्या."

"मी गेलो की ती उठंल."

"मग दारात उभे राहा."

"दारातनंबी दिसतोच की मी. लख्ख हाय ना? खरं सांगा."

"लख्ख आहे."

"मंग झालं. माणसं बसलीत ना नीट?" 

मला इतका संताप आला म्हणून सांगू! त्या रीतीचा, त्या पदराचा, सगळ्याचाच. तडक काकूंकडे गेले आणि भर सिनेमात, सगळ्यांसमोर म्हटलं, "तुम्हाला उठावं लागू नये म्हणून ते तिकडे अंधारात एकटे बसलेत."

काकूंनी कुणाला तरी टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितला, आणि गल्लीनं कधी न ऐकलेल्या खड्या आवाजात हाक मारली, "भाऊजी! आत या! म्या उठणार न्हाई. पडूनच ऱ्हाणार हाय!"

समोरची कडी वाजली. तात्या आले, बाहेर कितीतरी वेळ पाय पुसत राहिले, आणि आत येऊन दाराशी टेकले. नजर जमिनीवर. काकूंचा हात पदराकडे गेला, पण त्या उठल्या नाहीत.

"लय दुखतंय का?" तात्यांनी जमिनीलाच विचारलं.

उत्तर मला पाठ होतं. न्हाई, बरं हाय म्हणावं. सवयीनं मी सांगायला तोंडसुद्धा उघडलं.

"लय दुखतंय, भाऊजी," काकू म्हणाल्या. "रात-रात डोळ्याला डोळा न्हाई."