आत्याबाईसाहेबांनी टेबल काबीज केले त्याची हकीकत

श्रोत्यांनी हातातला घास हातीच ठेवावा आणि सुतारकामाच्या कारखान्यात दोघा बंधूंचा अबोला कैसा मोडला, ते सावधपणे ऐकावे.

कारखान्याचे धनी दोघे, थोरले आणि धाकटे. एके दिवशी एक फळी बोटभर आखूड कापली गेली, आणि माप कोणाचे चुकले यावरोन वाद मातला, मग शब्दास शब्द लागोन बोलणेच खुंटले. थोरले रंधा मारीत ते एका भिंतीस तोंड करोन, धाकटे करवत चालवीत ते दुसऱ्या भिंतीस, आणि दुपारचे डबेही ऐसेच पाठमोरे खात. अखेर कारखान्याची वाटणी करावी हे ठरोन जमिनीवर खडूची रेघही ओढली गेली.

उभयतांची आत्या पॉलिशखात्याची मुखत्यार. त्या मधोमध एकट्या जेवीत. ज्यांना एका ताटात भरविले त्यांच्या दोन पाठी पाहोन बाईसाहेबांस घास उतरेना, आणि मग त्यांनी मनाशीच मसलत केली.

ते समयी गिऱ्हाइकाचे जेवणाचे भले थोरले टेबल तयार होऊन रेघेवरच उभे होते. बाईसाहेबांनी त्यावर आपला डबा मांडोन मोर्चा बांधिला आणि फर्मान सोडिले की, टेबल डुगडुगते की काय ते पाहणे आहे, सबब पाय करणारे थोरले व वरची फळी करणारे धाकटे यांणी डब्यांसह हजर व्हावे, न येईल त्याचे काम कच्चे समजले जाईल. 'कच्चे' हा शब्द दोघांस बाणासारखा झोंबला. दोन्ही फौजा तत्काळ कूच करोन आल्या आणि दोन टोकांस तळ देऊन बसल्या.

थोरल्यांचे डब्यात नुसता कोरडा पाव, कारण वहिनीसाहेब माहेरी, आणि गॅसच्या शेगडीवर थोरल्यांचा अंमल कधी बसलाच नव्हता. धाकट्यांनी तिरक्या नजरेने ते हेरिले. मग उकडलेल्या अंड्यांची वाटी टेबलावरोन सरकू लागली, वीतभर सरके, थांबे, पुन्हा सरके, आणि बाईसाहेब छत न्याहाळीत राहिल्या, जणू वाटी आपल्या पायांनीच चालली आहे. थोरल्यांनी गडबडीत अख्खे अंडे तोंडात कोंबिले आणि ठसका ऐसा लागला की डोळे पांढरे जाहले. धाकटे स्टूल उलथून धावले, पाठीत गुद्दे हाणिले.

"अरे दादा, चावून खा की! पाणी घे आधी!"

थोरले पाणी प्याले, डोळे पुसले, आणि कितीएक दिवसांनी धाकट्यांकडे तोंड करोन बोलिले, "मीठ नाही घातलंस."

"शंभरदा बोल, पण आधी गिळ!"

बाईसाहेब हसता हसता रडू लागल्या आणि पॉलिशच्या फडक्यानेच डोळे पुसल्यामुळे गाल तपकिरी जाहले, ते पाहोन दोघे बंधू पोट धरोन हसले. वाटणीची बोलणी तेथेच मोडली.

टेबल गिऱ्हाइकाकडे रवाना जाहले, तेव्हा बाईसाहेबांचे हुकुमाने दोन लाकडी घोड्या उभ्या करोन त्यांवर फळी टाकिली, आणि तिघांची पंगत नित्य बसू लागली. लढाईत पायदळ तीन, घोडदळ दोन, वाट्या किती फिरल्या त्यास गणती नाही. फत्ते जाहली, ऐसी नोंद केली असे.