उपग्रहाचा ओटीपी

चार वाजून सात मिनिटांनी भुवनेश्वरीच्या लक्षात आलं, की उपग्रह आज रात्रीपासून भलत्याच दिशेला बघत बसणार आहे.

निरीक्षणाच्या अर्जाची पावती तिने सहज म्हणून उघडली होती. दीर्घिकेच्या जागेचे आकडे बरोबर होते, फक्त दुसऱ्या आकड्याआधी उणे हवं होतं तिथे अधिक पडलं होतं. आकाशाच्या हिशेबात उणे म्हणजे दक्षिण आणि अधिक म्हणजे उत्तर. ज्या दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर परवापासून क्ष-किरणांचा नुसता भडका उडवत होतं, ती राहिली दक्षिणेला. उपग्रह बिचारा उत्तरेच्या रिकाम्या आभाळाकडे दीड दिवस टक लावून बसणार होता.

तिच्या प्रबंधाचा पल्सारवरचा अर्धा भाग लिहून झाला होता. पल्सार हा गुणी तारा असतो, कधीही बघा, घड्याळासारखा आपला चालू. उरलेला अर्धा भाग या लहरी दीर्घिकेवर अडला होता. सोमवारनंतर ती सूर्याच्या आड जाणार आणि चार महिने दिसणार नव्हती. विद्यापीठाने दोनदा दिलेली मुदतवाढ तर पुढच्याच महिन्यात संपत होती. सहा वर्षांची पीएच.डी. एका जादा उभ्या रेघेवर येऊन लटकली होती.

दुरुस्तीची मुदत पाचपर्यंत. शनिवार असल्यामुळे मदतीचा फोन बंद. खातं होतं तिचे मार्गदर्शक उदयसिंह सर यांच्या नावावर. पासवर्ड तिला पाठ होता, पण ओटीपी सरांच्या फोनवर जायचा. तो सर वाचून दाखवायचे, आणि सहा वर्षांत त्यांनी केलेलं मार्गदर्शन ते एवढंच, असं ती मैत्रिणींना खाजगीत सांगायची.

तिने सरांना फोन लावला. उचलला त्यांच्या पत्नीने, विजयमालाकाकूंनी.

“सर मंगळवेढ्याला गेलेत लग्नाला. फोन हितंच चार्जिंगला इसरलेत की.”

“काकू, मी भुवनेश्वरी. सरांच्या फोनवर आत्ता एक मेसेज येईल. त्यातले सहा आकडे पटकन सांगता का?”

काकूंचा आवाज एकदम सावध झाला.

“ओटीपी?”

“हो.”

“न्हाय सांगणार.”

गेल्याच महिन्यात महिला मंडळात बँकेचे साहेब येऊन ऑनलाइन फसवणुकीवर दोन तास बोलून गेले होते. ते ऐकताना बाकीच्या बायकांनी चिवडा संपवला, काकूंनी टिपणं काढली. मंडळाने त्यांना ‘सावध सखी’ असा बिल्ला दिला. तेव्हापासून गॅसवाल्यालाही त्या कोड सांगत नव्हत्या, आणि सिलिंडर दोनदा दारातून परत गेला होता.

“काकू, अहो मी आहे! आवाज ओळखत नाही का माझा?”

“आवाज काढता येतोय आजकाल.”

“व्हिडिओ कॉल करते.”

“तोंडबी लावता येतंय.”

“काकू, उपग्रहाचं तोंड चुकीकडे झालंय. पाचच्या आत ओटीपी मिळाला नाही तर माझं सगळं संपेल हो!”

हे वाक्य तोंडातून बाहेर पडतानाच तिला कळलं, की जगातला कुठलाही भामटा याहून वेगळं काही बोलला नसता.

“पाचच्या आतच का?” काकूंनी शांतपणे विचारलं. “घाई करत्यातच. सायबांनी पयलंच सांगितलंय.” आणि फोन बंद.

लग्न विभागातल्या लिपिकाचं, कुमारचं होतं. दुसऱ्या कुणाचा नंबर नव्हता, म्हणून भुवनेश्वरीने थेट नवरदेवालाच फोन लावला.

“कुमार, सरांना फोन दे. लवकर!”

“मॅडम, मी बोहल्यावर उभा हाय.”

“सर जवळपास आहेत का?”

“अक्षता घेऊन समोरच हायत. थांबा.”

सरांनी सगळं ऐकून घेतलं. “हात्तिच्या! मी सांगतो तिला,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पाच मिनिटांनी पुन्हा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज पार पडला होता.

“तिनं मला ओळखलं नाही. आमच्या लग्नाची तारीख विचारली.”

“मग?”

“चुकली. बघतो दुसरं काहीतरी...” पुढचं बँडच्या आवाजात बुडालं.

चार एकतीस. भुवनेश्वरीने भावाची स्कूटर काढली. डोक्यावर ओढणी, बेचाळीस अंशांचं ऊन, आणि बाळीवेशीपासून जुळे सोलापूरपर्यंतचा प्रत्येक सिग्नल नेमका तिच्यासाठी लाल. काकूंच्या दारात ती पोहोचली तेव्हा चार एकोणपन्नास झाले होते. काकू लोखंडी जाळीच्या दारामागे उभ्या होत्या. पदराला बिल्ला होता.

“काकू, मी. खरीखुरी.”

“व्हय, दिसतीयास. पन दार न्हाय उघडणार. तुला कुणी धमकावून धाडलं असलं तर?”

आता मात्र भुवनेश्वरीचा बांध फुटला. ती पायरीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. काकूंचा जीव कळवळला. नियम मात्र जागेवरच होता. त्यांनी क्षणभर विचार केला.

“गप, रडू नगं. ओटीपी कुणाला सांगायचा न्हाय म्हणलेत. टाकायचा न्हाय, असं कुटं म्हणलेत? आण तुझा फोन हिकडं. आन् तोंड तिकडं कर.”

भुवनेश्वरीने सरांच्या खात्याचा पासवर्ड टाकला, फोन जाळीतून आत सरकवला आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. मागून चष्मा शोधल्याचा आवाज आला. मग एकेका आकड्याला एकेक टक.

“उघडलं बघ.”

“द्या आता इकडे!”

“उघडं खातं दुसऱ्याच्या हातात द्यायचं न्हाय. तू सांग, मी करती.”

चार पंचावन्न. वाद घालायला वेळच नव्हता.

“दुसऱ्या चौकटीत आकड्याआधी एक चिन्ह आहे. त्यावर बोट ठेवा. दोनच पर्याय येतील.”

“फोन येतोय गं मधीच. नुसता नंबर हाय, नाव न्हाय.”

“कापा, काकू, कापा!”

“कापला. आले दोन पर्याय.”

“आत्ता जे नाही ते निवडा.”

“परत त्योच नंबर!”

“कापा!”

“कापला. जे न्हाय ते निवडलं.”

“आता खालचं हिरवं बटण.”

“दाबलं. बरूबर अशी खूण आली.”

चार अठ्ठावन्न. भुवनेश्वरी मटकन पायरीवर बसली. तिला हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि या बाईच्या पाया पडावंसं वाटत होतं. काकूंनी खात्यातून बाहेर पडून, रस्त्यावर दोन्हीकडे नजर टाकून दार उघडलं. तिला पंख्याखाली बसवलं, फोन हातात दिला आणि सरबत करायला आत गेल्या. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

“अगं, किती वेळा कापतेस?” सर बोलत होते. “कुणाकुणाचे फोन मागून घेतले मी! काळजी करू नको. उपग्रहाच्या केंद्रात माझा वर्गमित्र आहे, त्याच्याकडून पावणेपाचलाच चिन्ह बदलून घेतलंय. उणे झालं. आता तिथं तू काही हात लावू नकोस.”

भुवनेश्वरीला काकूंचं ‘जे न्हाय ते निवडलं’ आठवलं. समोरच्या घड्याळात पाच वाजून सात मिनिटं झाली होती.

काकू सरबताचा पेला घेऊन बाहेर आल्या. “कुणाचा फोन हुता?”

“सरांचा.”

“सरच हुते कशावरनं?”

सहा वर्षांत पहिल्यांदाच भुवनेश्वरीला अगदी मनापासून वाटलं, की तो कुणीतरी भामटाच असावा.