कर्नलचा ड्रायव्हर

एका जंगलात वीज होती.

आता ‘जंगलात वीज कशी?’ असं विचारायला तोंड उघडू नका. सिंह बोललेला तुम्हाला चालतो, कोल्ह्याने सभा घेतलेली चालते, मग वीजच तेवढी खुपते होय? धबधबा होता. धबधब्याखाली चाक होतं. चाक फिरलं की वीज व्हायची. झालं समाधान? मग हात खाली करा.

त्या जंगलाचे महाराज म्हणजे सिंह. त्यांनी एक भलंमोठं यंत्र आणून गुहेत ठेवलं होतं. जंगलातले सगळे दिवे, पंखे, पंप त्या यंत्राच्या हुकमाने चालायचे. यंत्राच्या पोटात, अगदी आत, त्याचा मेंदू होता. त्या मेंदूला संगणकवाल्यांच्या भाषेत ‘कर्नल’ म्हणत. का म्हणत, ते महाराजांनाही ठाऊक नव्हतं, पण म्हणताना भारी वाटायचं. कुठलंही बटण चालू-बंद करायचा अधिकार फक्त या कर्नलला होता. महाराजांनासुद्धा पंखा हवा असला तर यंत्रापुढे हात जोडावे लागत.

मग महाराजांनी एक योजना काढली. ‘घरटेमुक्त जंगल.’ पाखरांच्या बायांनी तीन-तीन आठवडे अंड्यांवर बसून राहायचं, हे काही प्रगतीचं लक्षण नव्हे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तळ्याकाठी अंडी उबवायच्या विजेच्या पेट्या आल्या. अंडी पेटीत ठेवा आणि सभेला या.

तळ्यात सुगंधाबाई नावाची पाणकोंबडी राहायची. तिनेही आपली चार अंडी पेटीत ठेवली. ठेवली कसली, ठेवायला लावली. झाकण खटकन बंद झालं. ते झाकणही कर्नलच्याच हुकमाने उघडायचं.

आता झालं काय, धबधब्याच्या वर हत्ती डुंबायचे. ते पाण्यात बसले की धार अडायची आणि वीज मंद व्हायची. ते उठले की पाणी एकदम सुटायचं आणि वीज उसळायची. अशाच एका उसळीत शेजारच्या पेटीतलं तित्तरबाईंचं अंडं चक्क उकडून निघालं. त्या दिवसापासून सुगंधाबाई पेटीपासून हलेना.

महाराजांनी शहरातून एक सेन्सर मागवला. होता नखाएवढा. विजेच्या तारेला चिकटून बसायचा आणि तारेत दाब किती, प्रवाह किती, म्हणजे किती व्होल्ट अन् किती अँपिअर, ते मोजायचा. घड्याळात असते तसली बारकीशी बॅटरी त्याच्या पोटात होती. पण स्वभाव मुलखाचा विचित्र. नावाने हाक मारली की ढिम्म. त्याला नंबरानेच हाक मारावी लागे. नंबर चाळीस.

“चाळीस!” महाराज म्हणाले.

“एक लाख चौऱ्याऐंशी हजार!” सेन्सर म्हणाला.

“अगं आई गं!” महाराज खुर्चीवर चढून बसले.

वीज होती नेहमीएवढीच, दोनशे तीस व्होल्ट. पण सेन्सर स्वतःच्या मापात बोलायचा. त्याच्या आकड्याला आठशेने भागलं की आपले व्होल्ट निघायचे. म्हणजे कर्नलला कोणीतरी शिकवायला हवं होतं. बाबा रे, चाळीस नंबरला हाक मार, तो सांगेल त्याला आठशेने भाग, उत्तर अडीचशेच्या वर गेलं तर पेटी बंद कर. हे शिकवणारं जे लिखाण असतं ना, त्यालाच ‘ड्रायव्हर’ म्हणतात. दोन-तीन पानांचं लिखाण. त्याला हात नसतात, पाय नसतात, टोपी तर नसतेच.

हे तुम्हाला कळलं. जंगलाला कळलं नाही.

वडाच्या झाडावर पाटी लागली. ‘कर्नलसाठी ड्रायव्हर पाहिजे. लायसन्स आवश्यक.’

त्या जंगलात फौजेतून निवृत्त झालेला एक गवा होता. कर्नल गवारे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात ही रांग!

“अरे, मला गाडीच नाही!” कर्नल गवारे गरजले. मग त्यांनी रांग नीट पाहिली. छाती जरा फुगली. “बरं, असू दे. ड्रायव्हर आला की गाडी येईलच मागून.”

निवड झाली धोंडिबा अस्वलाची. त्याच्याकडे अवजड वाहनाचं लायसन्स होतं. त्यावरचा फोटो त्याचा नव्हता, पण अस्वलाचाच होता.

तळ्याकाठच्या बिळात काटेकर नावाचा साळिंदर राहायचा. खरी गोष्ट फक्त त्याला समजली होती. आठ दिवस तो तारेखाली बसून सेन्सरचं बोलणं ऐकत होता. मग त्याने पाठीवरचा एक काटा उपटला आणि पळसाच्या पानावर ड्रायव्हर लिहायला घेतला. चूक झाली की काटा फेकायचा आणि नवा उपटायचा. तीन पानं पुरी होईपर्यंत पाठीवर ताटलीएवढं टक्कल पडलं.

“काटेकरभाऊ, झालं का हो?” सुगंधाबाई रोज विचारायची.

“झालं बघा, ताई. आता हे यंत्राला वाचायला दिलं की तुमच्या अंड्यांना धक्का नाही.”

पण यंत्राला काही वाचायला द्यायचं तर परवाना कचेरीचा शिक्का हवा. तिथे तरसे साहेब बसायचे. जातीचे तरस, त्यामुळे कायम हसायचे, पण त्यांचं हसणं बघून कोणाला बरं वाटायचं नाही.

“काय आणलंय?”

“ड्रायव्हर आणलाय, साहेब.”

“कुठाय?”

“हा काय.” काटेकरने पानं पुढे केली.

साहेबांनी पानं उलटीपालटी केली. हुंगली. “याचं लायसन्स?”

“साहेब, हा तसला ड्रायव्हर नाही हो. हा लिहिलेला आहे.”

“लिहिलेला असो नाहीतर जन्मलेला. लायसन्स नसेल तर रस्त्यावर आणता येणार नाही.”

“तो रस्त्यावर येतच नाही! यंत्राच्या पोटात जातो!”

“म्हणजे बिनलायसनचा पोटात शिरणार? आणि हे मलाच तोंड वर करून सांगताय?” साहेब खदखदून हसले. “आठ काढून दाखवा.”

काटेकरने काटा उपटला आणि जमिनीवर झोकात ८ काढला.

“हा मराठी आठ आहे,” साहेब म्हणाले. “हा एका बाजूने उघडा असतो. यात गाडी घातली की ती पार मुलूख सोडून जाते. आम्हाला इंग्रजी आठ लागतो. बंद असलेला.”

“पण बाहेर पाटी तर मराठीत आहे.”

“पाटी मराठीतच असते. परीक्षेचं तसं नसतं. पुढच्या पौर्णिमेला या.”

“तोवर अंडी उकडतील हो, साहेब!”

“अंड्यांचं खातं वेगळं आहे,” असं म्हणून साहेबांनी खिडकी लावून घेतली.

मुलांनो, इथे मला राग येतो. मी जरा पाणी पितो. तुम्ही गप्प बसा.

हं. तर मंगळवारी सकाळी सगळे हत्ती डोंगरापलीकडे लग्नाला गेले. पाण्यात बसायला कोणी उरलं नाही. धबधबा सुसाट सुटला. चाक गरगरा फिरलं. पेट्यांमधून वाफा यायला लागल्या.

“चाळीस!” काटेकर ओरडला.

“दोन लाख चाळीस हजार!” सेन्सर म्हणाला.

काटेकरने मनातल्या मनात भागाकार केला. तीनशे व्होल्ट!

सुगंधाबाई झाकणावर चोची मारत होती. झाकण हलत नव्हतं. ती तशीच धावत गुहेत गेली. “महाराज, बटण बंद करा! माझी लेकरं आत आहेत!”

“ते माझ्या हातात असतं तर काय हवं होतं, बाई,” महाराज म्हणाले. “ड्रायव्हरला बोलवा!”

धोंडिबा आला. यंत्रासमोर ऐटीत बसला. यंत्राने पडद्यावर एकच प्रश्न विचारला. ‘लायसन्स?’ धोंडिबाने लायसन्स समोर धरलं. यंत्राने फोटो बघितला नाही. नाव बघितलं नाही. ‘ड्रायव्हर स्वीकारला. सर्व काही ठीक,’ अशी हिरवी अक्षरं उमटली. गुहेत टाळ्या पडल्या. धोंडिबाने इकडे-तिकडे स्टीअरिंग शोधलं. ते नव्हतं. मग त्याने तोंडानेच दोनदा ‘पों पों’ केलं, यंत्राच्या उबेला डोकं टेकलं आणि घोरायला लागला. पडद्यावर अक्षरं आली. ‘ड्रायव्हर चालू आहे.’

काटेकर तोवर पानं घेऊन पुन्हा कचेरीच्या दारात जाऊन उभा होता. त्याने त्या घोरण्याचा आवाज ऐकला. तळ्याकडे वाफ पाहिली. पानं तिथेच टाकली आणि धावत सुटला. तळ्यावर पोचला आणि धबधब्याकडून येणाऱ्या मुख्य वायरला कडकडून चावला.

साळिंदरांना कुरतडायचं शिकवावं लागत नाही. त्याला परीक्षाही नसते.

ठिणग्या उडाल्या. काटेकरचे उरलेसुरले काटे ताठ उभे राहिले. जंगलभरचे पंखे थांबले. झाकण धरून ठेवायला वीजच उरली नाही, त्याबरोबर ते टपकन उघडलं. सुगंधाबाईने चारही अंडी एकेक करून बाहेर काढली, गालाला लावून बघितली, लव्हाळ्यात नेऊन ठेवली आणि पंख पसरून वर बसली.

“आता मला कोणी सभेला बोलवायला आलं ना,” ती म्हणाली, “तर डोळाच फोडीन.”

हे ती महाराजांच्या तोंडावर म्हणाली. महाराज दोन पावलं मागे सरकले.

ती आठवडाभर उठली नाही. काटेकर तिला दाणे आणून देत होता. आठव्या दिवशी एक अंडं टिचलं. मग दुसरं. संध्याकाळपर्यंत चार काळीकुट्ट पिल्लं चिवचिवत होती. सुगंधाबाई रडली. काटेकरही रडला. दोघांना त्याची लाज वाटली नाही.

मग सत्कार झाला. धोंडिबाला शाल आणि नारळ मिळाला. त्याच्या कारकिर्दीत पेटीत एकही अंडं दगावलं नाही, असं मानपत्रात लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. पेटीत अंडंच नव्हतं. काटेकरला सरकारी वायर कुरतडल्याबद्दल पाचशे इंग्रजी आठ काढायची शिक्षा झाली. कर्नल गवारेंना जीप मिळाली. ती दारात उभी असते, कारण ड्रायव्हर यंत्रापाशी झोपलेला असतो.

सत्काराच्या शेवटी महाराजांनी सेन्सरला हाक मारली. “चाळीस!”

कुरतडलेली वायर अजून कोणी जोडली नव्हती, त्यामुळे तारेत वीज नव्हतीच. सेन्सर म्हणाला, “शून्य.”

महाराजांचे डोळे भरून आले. “ऐकलंत? कळलं मला! पहिल्यांदाच सरळ बोलला! धोंडिबा, आपली भाषा शिकवलीस रे त्याला!”

सगळ्या जंगलाने टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यात काटेकर आठ काढत होता. तीनशे बारावा. त्याने वर पाहिलं, ‘शून्याला कशानेही भागा, शून्यच’ असं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तीनशे तेरावा काढायला घेतला.

तात्पर्य : ज्याला काम येतं त्याला आठ काढावे लागतात, ज्याला झोप येते त्याला शाल मिळते. म्हणून मुलांनो, अभ्यास राहू दे, झोपेचा सराव चुकवू नका. आणि लायसन्स तेवढं काढून ठेवा. फोटो कोणाचाही चालतो.