एक तरी स्क्रू

"उघडायची वेळच येणार नाही, तर स्क्रू हवेत कशाला?" गोळीची वेळ झाली की हाक मारणारी डबी साहेबांनी तयार केली, तेव्हा कारखानाभर ते छाती फुगवून हेच सांगत सुटले होते. डबी कशी, साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत! झाकण डिंकाने कायमचं बंद, बॅटरी आत, तपासणीला साधं भोकही नाही. टेस्टिंगवाले कुरकुरले, दुरुस्तीवाल्यांनी हात जोडले. साहेब कुठले ऐकायला!

पहिली डबी घरी आली. बायकोने ती उलटीसुलटी करून पाहिली.

"अहो, एक तरी स्क्रू ठेवायचा! माणूस रुसला तर समजूत काढता येते. ही रुसली तर शिरणार कुठून?"

मग तिनेच डबीत आपला आवाज भरला: "अहो, गोळी घ्या! आणि उगाच शहाणपणा करू नका!"

गेल्या वर्षी ती गेली. तिचा आवाज तेवढा डबीत उरला. गोळीची वेळ साहेबांना तोंडपाठ होती, तरी हाक येईपर्यंत ते पाण्याचा पेला हातात धरून बसत.

एका सकाळी डबी घोगरली. "अहो, गो…" बस्स!

"नवी बॅटरी घाला की, बाबा," लेक म्हणाली.

"घालू कुठून?"

साहेबांनी हेअर ड्रायरने डिंक तापवला. डिंक ढिम्म, टेबलाच्या रंगाला मात्र फोड आले! सुरी लावली, तर अंगठा कापला. शेवटी हातोडी घेतली.

"बाबा, नको!"

"डिझाइन कुणाचं आहे? माझं! मला नको शिकवूस!"

ठक्क! झाकण उडालं. बायकोचा आवाज साठवलेली चिपही त्याला चिकटून मुळासकट उपटून आली. डिंक असा पक्का की काय सांगावं! साहेबांनीच निवडलेला.

त्यांनी बॅटरी बदलली. डबी लगेच बोलली, खणखणीत, साहेबांच्याच आवाजात. कारखान्यातच दुसऱ्या चिपमध्ये भरलेला संदेश होता तो.

"नमस्कार! मी कधीच बिघडत नाही. कृपया मला उघडू नका!"

लेक फस्सकन हसली आणि हसता हसता रडू लागली. साहेबांनी चमकून मान वर केली. पोरीचा आवाज थेट आईवर गेला होता.

"तू म्हण ना एकदा," ते हळूच म्हणाले. "तिच्यासारखं."

लेकीने डोळे पुसले. "गोळी घ्या. आणि उगाच शहाणपणा करू नका."

"तसं नाही गं. आधी 'अहो' म्हणायची ती."

लेकीने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. पाण्याचा पेला तिने पुढे केला.

"घ्या, बाबा."